खडीऐवजी करवंटी

मलेशियाच्या साबा राज्यातल्या कोटा किनाबालू शहरात, समुद्राजवळच्या विद्यापीठाच्या आवारात या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक छोटं घर बांधलं गेलं. क्षेत्रफळ ५९ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात साडेसहाशे चौरस फुटांच्या आतलं. पाया, तुळया, लिंटल आणि भिंतींचे पोकळ ब्लॉक, सगळं काँक्रीटचं. त्याच आवारात दोनेक मीटर गाळ्याचा एक पादचारी पूलही उभा राहिला. दोन्ही बांधकामांमध्ये सिमेंट होतं, वाळू होती, पाणी होतं. नव्हती ती खडी. तिच्या जागी घातली होती ऑइल पामच्या बीची करवंटी.

या झाडाच्या गरापासून पामतेल निघतं. आतली बी फोडून मगज वेगळा काढला की तिचं कवच उरतं. भारत हा पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. आपल्या फरसाणाच्या कढईत पोचतं ते तेल, तिकडे मागे उरतो तो या कवचांचा ढीग. दरवर्षी काही दशलक्ष टन. त्यातली काही कवचं गिरणीच्याच बॉयलरमध्ये जळतात, काही मळ्यातल्या कच्च्या रस्त्यांवर पसरतात. साबाच्या संशोधकांनी या कवचांचं घर बांधलं. तेही कुठे, तर जिथे वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवा बारा महिने दमट असते अशा ठिकाणी. लाकूड कुजायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

एखाद्या झाडाचं टरफल दगडाची नोकरी करू शकतं, ही गोष्ट ऐकायला जितकी नवलाची, तितकीच तपासून पाहायला रंजक आहे. कारण नवल पुढे उलगडत जातं आणि त्याबरोबर त्याच्या मर्यादाही.

आधी खडी काय करते ते पाहू. काँक्रीट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिमेंट येतं, पण काँक्रीटचा साठ ते पंचाहत्तर टक्के भाग खडी आणि वाळूचाच असतो. सिमेंट आणि पाण्याचा लगदा त्यांना बांधून ठेवतो, एवढंच. वजनही मुख्यतः त्यांचंच. नेहमीचं काँक्रीट घनमीटरला २४०० किलोच्या आसपास भरतं. दहा बाय दहाच्या खोलीवर पाच इंची स्लॅब घातला, तर सळया सोडून नुसतं काँक्रीट २८०० किलोच्या वर जातं. खोलीत अजून कपाट आलेलं नाही, माणूस आलेला नाही, आणि तुळया-खांब पावणेतीन टनांहून अधिक ओझं पेलत उभे आहेत. इमारतीची बरीचशी ताकद स्वतःलाच उचलून धरण्यात खर्च होते.

भूकंपात हे वजन वैरी होतं. जमीन हलली की इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली, ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर कोसळून. डोक्यावरचं ओझं हलकं असावं, हा धडा मराठवाड्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको.

हलक्या काँक्रीटची कल्पना मात्र फार जुनी आहे. रोममधलं पॅन्थिऑन सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२८ च्या सुमारास पुरं झालं. त्याचा घुमट ४३ मीटर व्यासाचा, आत एकही सळई नाही, आणि तशा प्रकारच्या घुमटांत आजही जगात सर्वांत मोठा. रोमन गवंड्यांनी खालच्या थरांत जड दगड वापरला आणि वर जाताना तो हलका करत नेला. माथ्याजवळ तर त्यांनी प्युमिस घातला, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेला, पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड. पुढे अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या स्टीफन हेड नावाच्या वीट व्यावसायिकाच्या लक्षात आलं की भट्टीत जास्त तापलेल्या काही विटा फुगतात आणि हलक्या होतात. त्यातून त्याने फुगवलेल्या शेलची कृत्रिम खडी बनवली आणि १९१८ साली पेटंट घेतलं. अशा खडीच्या काँक्रीटचं ‘सेल्मा’ नावाचं तेलवाहू जहाज १९१९ साली पाण्यात उतरलं. टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनजवळ त्याचा सांगाडा आजही उथळ पाण्यात आहे.

रोमन खडी ज्वालामुखीने फुगवली, हेडची खडी हजार अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीने. ऑइल पामसारखंच कठीण कवच असलेला आपला नारळ हेच काम वर्षभराच्या उन्हात आणि पाण्यात करतो.

उंच माडावरून, समजा वीस मीटरवरून पडणारा नारळ जमिनीला टेकताना ताशी सत्तरेक किलोमीटर वेगाने येतो. बराचसा मार बाहेरचं सोडण झेलतं, पण आतली करवंटी तडकली तर बी गेलंच. म्हणून माडाने करवंटी जपून घडवली आहे. ती मुख्यतः अश्मपेशींची बनलेली असते. या पेशींच्या भिंती इतक्या जाड आणि लिग्निनने इतक्या भरलेल्या असतात की आत पोकळी नावालाच उरते. पेरू खाताना दाताखाली जी कचकच लागते, ती अशाच पेशींच्या गुठळ्यांची. पेरूत त्या गरामध्ये विखुरलेल्या असतात, करवंटीत एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या. लिग्निन म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा घटक. करवंटीत तो वजनाच्या जवळपास एक तृतीयांश असतो.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या वनस्पती-जैवयांत्रिकी गटाने नारळ दाबून, आपटून, कापून पाहिले. २०१६ साली त्यांनी सांगितलं की करवंटीतल्या पोकळ वाहिन्यांची रचना शिडीसारखी असते आणि त्या विशिष्ट कोनात मांडलेल्या असल्यामुळे आत शिरलेली भेग सरळ न जाता वळत जाते. वळणारी भेग लांब होते, लांब होताना जोर खर्च करते आणि पार जाण्याआधी दमते. या गटाला करवंटी काँक्रीटमध्ये घालायची नव्हतीच. तिची ही युक्ती उसनी घेऊन इमारतीचं काँक्रीट कसं घडवता येईल, हे ते शोधत होते.

प्रयोगशाळेत खडी तपासण्याची एक रांगडी चाचणी असते. पोलादी कपात खडी भरायची, १४ किलोच्या आसपास वजनाचा हातोडा ३८ सेंटिमीटरवरून पंधरा वेळा पाडायचा आणि किती चुरा झाला ते मोजायचं. चेन्नईजवळच्या कट्टनकुलथूर इथल्या एस.आर.एम. विद्यापीठात के. गुणशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारळाच्या करवंटीवर सविस्तर काम केलं. त्यांच्या मोजणीत करवंटीचा चुरा आठ टक्क्यांच्या आसपास झाला, तर दगडी खडीचा बारा टक्क्यांच्या वर. मलेशियातल्या पामच्या कवचांनीही ग्रॅनाइटपेक्षा कमी चुरा दिला. ठोके सोसण्यात टरफल दगडापेक्षा सरस ठरलं. दगड कठीण असतो, पण ठिसूळ. करवंटी थोडी नमते आणि नमली म्हणून टिकते.

मग शेतातलं काहीही उचलावं आणि काँक्रीटमध्ये घालावं का? इथे गंमत आहे. काँक्रीटचा एक शत्रू आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात डब्यात बसलेला असतो, तो म्हणजे साखर. सिमेंटच्या वजनाच्या अवघी ०.०५ टक्के साखर पडली, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला फक्त २५ ग्रॅम, तरी सिमेंट घट्ट व्हायला सुमारे चार तासांचा उशीर होतो. ती १०० ग्रॅमपर्यंत गेली की माल जवळजवळ घट्ट होतच नाही. साखरेचे रेणू सिमेंटच्या कणांवर जाऊन चिकटतात आणि पाण्याशी चाललेली त्यांची रासायनिक क्रिया रोखून धरतात.

आता कोल्हापूर-सांगलीकडचं उसाचं चिपाड घ्या. कारखान्यातून पिळून निघालेल्या बगॅसमध्येही दोन-तीन टक्के साखर उरते. एका पोत्याला दहा किलो बगॅस घातला तर साखरच दोनशे-तीनशे ग्रॅम झाली, आणि सिमेंटचा कारभार आटोपला. गव्हाचा पेंढा, भुसा, लाकडाचा कीस यांच्याबाबतही कमी-अधिक हीच अडचण येते. ते आधी धुवावे, उकळावे किंवा चुन्यात भिजवावे लागतात. बगॅस आणि भाताचा तूस जाळून त्यांची राख वापरतात ती गोष्ट वेगळी. ती राख थोड्याफार सिमेंटची जागा घेते, खडीची नव्हे.

करवंटीत सिमेंटला आडवी येईल अशी मोकळी साखर जवळजवळ नसते. नारळाने गोडवा पाण्यात आणि खोबऱ्यात ठेवला आणि कवच कोरडं ठेवलं. कसलीही रासायनिक प्रक्रिया न करता ती सिमेंटशी जुळते, हे एस.आर.एम.च्या कामातून पुढे आलं.

पाण्याचा प्रश्न मात्र उरतो. दगडी खडी स्वतःच्या वजनाच्या अर्धा-एक टक्का पाणी पिते, करवंटी चोवीस तासांत तब्बल चोवीस टक्क्यांच्या आसपास. कोरडी करवंटी मालात टाकली तर ती सिमेंटच्या वाट्याचं पाणीच ओढून घेईल. म्हणून तिला आदल्या दिवशी भिजत घालतात आणि वरचं पाणी निथळलं की मिक्सरमध्ये टाकतात. इथे ही खोडच उपयोगी पडते. प्यायलेलं पाणी करवंटीच्या बारीक छिद्रांत साठून राहतं आणि भोवतालचं सिमेंट कोरडं पडू लागलं की हळूहळू त्याच्या स्वाधीन होतं. स्लॅबवर वरून पाणी मारतात ते पृष्ठभागाला पोचतं. हे पाणी मालाच्या पोटातून मिळतं.

शेंगदाण्याची चिक्की मोडून पाहा. पाक कितीही कडक असो, दाण्याचं गुळगुळीत साल पाकापासून सुटतं आणि तुकडा तिथूनच मोडतो. करवंटीच्या काँक्रीटची कमकुवत जागा हीच आहे. तिची बाहेरची आणि आतली दोन्ही अंगं गुळगुळीत असतात, सिमेंटला धरायला खरखरीत अशी फक्त फुटलेली कड सापडते. दाब वाढत गेला की बऱ्याचदा करवंटी फुटत नाही, सिमेंटच तिच्यापासून सुटतं. क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठातल्या संशोधकांनी जुनी, उन्हापावसात पडून राहिलेली पामची कवचं घेऊन ती आणखी बारीक फोडली. तुकडे लहान, त्यामुळे फुटलेल्या कडा जास्त आणि गुळगुळीत पाठ कमी. एवढ्या साध्या बदलाने काँक्रीटची ताकद पन्नास मेगापास्कलच्या पुढे गेली.

मेगापास्कल म्हणजे काय? काँक्रीटचा ठोकळा यंत्रात दाबून मोडताना जो ताण मोजतात, त्याचं हे माप. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण दहा किलोंचा भार. भारतात सळयांच्या काँक्रीटला किमान २० मेगापास्कल ताकद लागते. एस.आर.एम.मध्ये नारळाच्या करवंटीच्या काँक्रीटने २५ च्या आसपास गाठली, आणि वजन भरलं घनमीटरला २००० किलोच्या आत. मघाचा दहा बाय दहाचा स्लॅब या मालाचा घातला तर साधारण अर्धा टन ओझं कमी होईल. प्रत्येक खोलीमागे अर्धा टन, आणि तोही प्रत्येक मजल्यावर. खालच्या खांबांना आणि पायाला हा हिशेब बरोबर कळतो.

या साऱ्या संशोधनाची एक सुरुवात भारतातच झाली. १९८४ साली रुरकीला विकसनशील देशांमधल्या स्वस्त घरांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे मलेशियाच्या अब्दुल्ला यांनी शेतीतल्या टाकाऊ मालाची खडी वापरून केलेल्या हलक्या काँक्रीटच्या ताकदीवर निबंध वाचला. साबातलं घर त्यानंतर दीड-दोन दशकांनी उभं राहिलं.

‘पण ते कुजणार नाही का?’ हा प्रश्न कोणताही गवंडी पहिल्यांदा विचारेल, आणि तो रास्त आहे. बुरशी आणि वाळवी यांना काँक्रीटच्या आत जगणं कठीण असतं. तिथे हवा कमी आणि क्षार इतका तीव्र की सामू साडेबाराच्या वर जातो. मात्र हाच क्षार वनस्पतीच्या धाग्यांनाही झिजवतो. काथ्यासारखे मोकळे, नाजूक धागे सिमेंटमध्ये कालांतराने ठिसूळ होतात. करवंटी जाड आणि घट्ट असल्यामुळे तिच्या आत क्षाराला शिरकाव अवघड जातो. साबातल्या घराची आणि पुलाची पुढे पाहणी होत राहिली, आणि त्या दमट हवेतही रचनेत दोष दिसला नाही. आगीच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं, कारण करवंटी शेवटी जळणाऱ्यातली आहे.

वनस्पती आणि बांधकाम यांची ही सोयरीक आपल्याकडे किती जुनी आहे, याचा पुरावा वेरूळला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात काम केलेले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले, सुमारे दहा टक्के. २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी हे मांडलं. अजिंठ्याच्या गिलाव्यातला वनस्पतीचा भाग किडीने खाल्ला आणि चित्रांचं नुकसान झालं. वेरूळला ते टळलं, याचं श्रेय त्यांनी भांगेला दिलं. युरोपात १९८० च्या दशकापासून याच झाडाच्या काटक्यांचे तुकडे चुन्यात कालवून भिंती भरतात. तो माल इतका हलका असतो की भार सोसत नाही, पण ऊन आणि थंडी दोन्ही बाहेर ठेवतो. प्रत्येक वनस्पतीचं काम वेगळं. भांगेच्या काडीला तुळई होता येत नाही आणि करवंटीला रजई होता येत नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू. एस.आर.एम.च्या त्या २५ मेगापास्कलच्या काँक्रीटला घनमीटरमागे सुमारे ५०० किलो सिमेंट लागलं. दगडी खडीचं त्याच ताकदीचं काँक्रीट साडेतीनशेच्या आसपास सिमेंटमध्ये होतं. आणि एक किलो सिमेंट बनवताना अर्ध्या किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे डोंगर फोडणं वाचवलं, पण भट्टीचा धूर वाढवला. टाकाऊ माल वापरला की आपोआप पर्यावरणाचं भलं झालं, असं म्हणणारा हा एक आकडा लपवत असतो. म्हणून पुढचे अनेक प्रयोग औष्णिक वीज केंद्रातली राख किंवा पोलाद कारखान्यातली धातुमळी (स्लॅग) मिसळून सिमेंट कमी करण्याकडे वळले आहेत.

आणि करवंटी खरंच टाकाऊ आहे का? तिच्या कोळशापासून होणारा सक्रिय कार्बन पाणी आणि हवा गाळण्यासाठी जगभर विकला जातो. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा कोळसा होता. जिथे कार्बनचा कारखाना जवळ आहे, तिथे करवंटीला दगडापेक्षा चांगला भाव येतो आणि ती स्लॅबमध्ये पुरणं हा तोटाच. जिथे ती परसात साठून पावसात डास वाढवते, तिथे गोष्ट वेगळी. कचरा हा वस्तूचा गुण नसतो, तो जागेचा असतो. साबात कवचांचे ढीग गिरणीच्या दारात होते, म्हणून तिथे घर झालं. तीच कवचं जहाजाने आणून पुण्यात घर बांधलं, तर तो विनोद होईल.

त्यामुळे रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात याचा विचार करायचा, तर सगळ्या तुळया करवंटीच्या करण्याचा हट्ट नको. शिवाय हे काँक्रीट दगडी काँक्रीटपेक्षा बरंच जास्त लवचीक असतं, सारख्या भाराला जास्त वाकतं. लांब गाळ्याच्या तुळईला ते परवडत नाही. भार न सोसणाऱ्या आडभिंतींचे ब्लॉक, जुन्या घरावर चढवायचा मजला, अंगणातल्या फरशा, ही करवंटीची कामं. त्याहून सोपी वाट केरळात रूढ झालेल्या फिलर स्लॅबची. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या खालच्या भागात मंगलोरी कौलं घालून काँक्रीट वाचवलं. स्लॅब वाकतो तेव्हा खालच्या अंगाला ताण येतो आणि तो सळया पेलतात. तिथलं काँक्रीट सळयांना झाकण्यापलीकडे फारसं काही करत नाही. त्या जागी कौलाऐवजी अख्ख्या करवंट्या पालथ्या घालता येतात. फोडणं नको, भिजवणं नको, जास्तीचं सिमेंट तर नकोच. करवंटीकडून ताकद मागायची नाही, फक्त जागा अडवायला सांगायचं.

माडाने करवंटी घडवली ती आतला अंकुर वाचवण्यासाठी. पडताना फुटू नये, समुद्रात वाहत गेलं तरी आत खारं पाणी शिरू नये, आणि तरीही हे सगळं तरंगण्याइतकं हलकं राहावं. हलकं, कणखर, टिकाऊ, या तीन अटी कोणताही अभियंता नव्या खडीपुढे ठेवेल. त्या पुऱ्या करणारी वस्तू आपण रोज खोबरं खवून झाल्यावर बाजूला सारतो. ती कुठे वापरायची आणि कुठे नाही, एवढं ठरवण्याचं काम माडाने आपल्यावर सोडलं आहे.